अकरा हात कमी

१९६७ साल. मी एकवीस वर्षांचा होतो, आणि सरळ चालता येतं या एवढ्या एका गुणावर मला दिल्लीत कायमची नोकरी लागली.

थट्टा करत नाही. आता ज्याला कस्तुरबा गांधी मार्ग म्हणतात त्या रस्त्यावरच्या एका सरकारी गेस्ट हाऊसात माझे काका आचारी होते. गावाकडचे पुढारी तिथं उतरायचे. दिल्लीत काम झालं नाही की पिठल्यात मीठ नाही म्हणून काकांवर राग काढायचे. मी चौथी पास. काकांनी मला कांदा चिरायला बोलावून घेतलं होतं. एका रविवारी मी ताकाची काठोकाठ भरलेली बादली घेऊन अंगणातून चाललो होतो. समोर एक किडकिडीत गृहस्थ उभे. भर उन्हात अंगात लोकरी कोट, गळ्यात शिट्टी.

"थांब," ते म्हणाले. "मागं जा. तिथून परत ये."

मी मागं गेलो, परत आलो.

"आता बादलीकडं न बघता ये."

तसाही आलो. थेंब सांडला नाही. त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "आचारी, हा पोरगा मला द्या. वीस वर्षं दिल्लीत काढली, सरळ चालणारा माणूस आज पहिल्यांदा बघतोय."

काका म्हणाले, "सर, मग इथं कांदा कोण चिरणार?"

"कांदा काय, कुणीही चिरतो," सर म्हणाले, आणि मला घेऊनच गेले.

ते एका कॉलेजात खेळाचे मास्तर होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं. ते म्हणायचे, माणसाच्या पाठीवर नंबर असावा, नाव ज्याचं त्यानं घरी ठेवावं. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. मूळ साताऱ्याकडचे. "मी आणि स्वातंत्र्य एकाच वर्षी दिल्लीत आलो," असं सांगायचे. "दोघांचीही राहण्याची नीट सोय कुणी केली नाही."

माझं काम फुटबॉलचं मैदान आखायचं. दोरी ताणायची आणि तिच्या कडेनं फक्की टाकत चालायचं. माझ्या नातीला फक्की म्हणजे काय ते कळत नाही. ती म्हणते, "आजोबा, चॉक पावडर बोला ना यार." तिनं दोन पदव्या घेतल्यात. मी चौथी शिकलो, पण एकशे दहा यार्ड फक्की टाकत चाललो तर रेष करंगळीभरसुद्धा हलत नव्हती. दिल्लीत मोठमोठ्या डिग्रीवाल्यांनी आखलेले रस्ते मी बघितलेत. त्यामुळं मला माझ्या चौथीचं काही वाटत नाही.

आमच्या मैदानाला स्टेडियम म्हणत. तीन बाजूंना विटांच्या पायऱ्या, चौथ्या बाजूला होस्टेलच्या मेसची भिंत. उत्तरेच्या गोलमागं जांभळाचं झाड. जुलैत सराव सुरू झाला की पांढरा बॉल दहा मिनिटांत जांभळा व्हायचा आणि गोलकीपरची जीभही. पायऱ्यांवर गवत उगवलेलं. पण गेटावर सिमेंटच्या मोठ्या अक्षरांत स्टेडियम असं लिहिलेलं होतं, आणि दिल्लीत जे गेटावर लिहिलेलं असतं ते आत असतंच असं मानायची पद्धत आहे.

सर मॅच बसून बघायचे नाहीत. रेषेच्या बाहेर, रेषेला चिकटून, पण रेषेवर नाही, असे मॅचभर येरझाऱ्या घालायचे. बॉलकडं बघायचेच नाहीत. खेळाडूंच्या पायांकडं बघायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बॉल खोटं बोलतो. पाय बोलत नाहीत." त्यांचं दुसरं एक वाक्य मी आजही वापरतो. "बॉल रेषेवर असला तर तो आत. माणूस रेषेवर बसला तर तो बाहेर." हे ते पायऱ्यांवरून सरकत सरकत रेषेपर्यंत येणाऱ्या प्रोफेसरांना सांगायचे. प्रोफेसर उठून जायचे आणि स्टाफरूममध्ये सांगायचे की हा माणूस फार गूढ बोलतो.

मग ती कार्डं आली. परदेशातल्या मोठ्या सामन्यांत रेफरी पिवळं आणि लाल कार्ड दाखवायला लागले, हे सरांनी पेपरात वाचलं. त्याच दिवशी ऑफिसातल्या फायलीचं पुठ्ठ्याचं कव्हर कापून त्यांनी लाल कार्ड केलं. पिवळ्यासाठी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका घेतली, हळद लागलेलीच होती. लाल डाव्या खिशात, पिवळं उजव्या. ती फक्त मैदानात वापरायची असतात हे त्या पेपरात लिहिलेलं नसावं.

बसच्या कंडक्टरला पिवळं. दुधात पाणी घालणाऱ्या भय्याला पिवळं, दुसऱ्या दिवशी लाल. तो बिचारा दूध बंद करायच्या ऐवजी लाल कार्डाला नमस्कार करून गेला. त्याला वाटलं देवीचं काहीतरी आहे. सरांच्या बायकोला, वहिनींना, एकदा भाजी खारट झाली म्हणून पिवळं मिळालं. वहिनींनी ते कार्ड हातातून काढून घेतलं आणि ताटाखाली दडपलं. मुकाट जेवा म्हणाल्या. घरात कार्ड त्यानंतर निघालं नाही.

सगळ्यात गाजलं ते प्रिन्सिपॉलसाहेबांचं. बक्षीस समारंभ होता आणि साहेब खेळाडूवृत्तीवर बोलत होते. मुलं उन्हात उभी. पंधरा मिनिटं झाली तसे सर पुढं गेले आणि पिवळं कार्ड वर धरलं. साहेबांनी बघितलं, हसले आणि चालू राहिले. आणखी दहा मिनिटांनी सरांनी लाल वर केलं. साहेब एकदम गप्प झाले, कागद गोळा केले आणि स्टेजवरून उतरून गेटाकडं धावत सुटले. त्यांना वाटलं, लाल म्हणजे मंत्र्यांची गाडी आली. मंत्री यायचे होते आणि नेहमीप्रमाणं आले नव्हते. साहेब गेटावर हार घेऊन अर्धा तास उभे राहिले. तेवढ्यात आम्ही बक्षिसं वाटून टाकली.

सर नोकरीत होते तोवर त्यांनी मला एकदाही कार्ड दाखवलं नाही. हे मी दहा जणांना सांगितलंय आणि आता लिहूनही ठेवतो. प्रिन्सिपॉलला दाखवलं, व्याह्यांना दाखवलं. मला नाही. माझी रेष सरळ होती.

दर जानेवारीत सर टीमला बसमध्ये घालून पानिपतला काला अंबवर न्यायचे. दिल्लीतली मराठी माणसं तिथं जमतातच. भाषणं होतात, पुरीभाजीची पाकिटं वाटतात, डोळे पुसतात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत घरी जातात. सर मुलांना स्मारकासमोर बसवून लढाई समजावून सांगायचे. "बघा, सगळे फॉरवर्ड. डिफेन्सला कोण? कुणी नाही. बेंचवर बदली खेळाडू? नाही. उपाशीपोटी मॅच खेळायला उतरले. आणि देवदर्शन होईल म्हणून बायकापोरं बरोबर. अवे मॅचला कुणी बायकापोरं आणतं का?"

दिल्लीतल्या मराठी मंडळाचे एक रिटायर्ड अधिकारी मागं उभे होते. ते चिडले. "अहो, तिथं एक लाख माणूस पडला. तुम्ही त्याचा खेळ करताय?"

"लाख माणूस पडला म्हणूनच विचारतोय, डिफेन्सला कोण होतं," सर म्हणाले. "तुम्ही दरवर्षी येऊन रडता. एकानं तरी कधी विचारलं?" आणि त्यांना पिवळं दाखवलं. पुढं काही वर्षं मंडळाच्या बसमध्ये आम्हाला जागा मिळाली नाही. आम्ही राज्य परिवहनच्या बसनं गेलो. सर म्हणाले, "हरलेली मॅच विसरायची नाही. जिंकलेली विसरली तरी चालते."

पण त्यांना स्वतःला जिंकलेली एक मॅच विसरता आली नाही, आणि तिचं मूळ माझ्या स्टोअररूममध्ये आहे. म्हणून आता दोरीचं सांगतो.

दोरी सुताची, सरांनी साताऱ्याहून वळून आणलेली. बरोबर एकशे दहा यार्ड. मधल्या रेषेच्या जागी, पेनल्टी बॉक्सच्या जागी लाल कापडाच्या चिंध्या बांधलेल्या. नियम एकच. दोरीला एकाच माणसाचा हात लागायचा, आखणाऱ्याचा. सर स्वतःसुद्धा तिला हात लावायचे नाहीत. कोपऱ्यात उभे राहून ओरडायचे. दोन हात लागले की मैदान वाकडं होतं, असं त्यांचं म्हणणं. लोखंडी टेपवर विश्वास नव्हता. "टेप दुकानात मिळते. दुकानात मिळणाऱ्या मापावर मी गोल देणार नाही."

आणि खंडेनवमीला आम्ही दोरीची पूजा करायचो. शेतकरी नांगराची करतो, शिपाई तलवारीची, तशी आमची दोरी, शिट्टी आणि हवेचा पंप. स्टोअररूममध्ये पाट मांडायचा, दोरीचं वेटोळं ठेवायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ, वर गूळखोबऱ्याचा नैवेद्य. तिथला जाट चौकीदार दारातून विचारायचा, "ये रस्सी किस देवता की है?" सर म्हणायचे, "एकशे दहा यार्ड के देवता की."

चौऱ्याहत्तर साली खंडेनवमीला मी पूजा झाल्यावर नैवेद्य उचलायला विसरलो. गूळ तसाच दोरीवर राहिला. दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी सुट्टी. चौथ्या दिवशी दार उघडलं तर उंदरांनी गूळ खाल्ला होता, आणि गूळ ज्या ज्या पदरात मुरला होता तो तो पदर खाल्ला होता. दोरी तीन ठिकाणी गेली होती. अकरा हातांचा, म्हणजे साडेपाच यार्डांचा, चोथा उरला होता.

आता कुणीही शहाणा माणूस सरांकडं गेला असता. मी गेलो नाही. सात वर्षांत मला एकदाही कोणी चूक म्हणालं नव्हतं, आणि मी चूक केली ती कसली, तर दिवा लावून, हात जोडून. मी चोथा जाळला. तिन्ही ठिकाणी गाठी मारल्या, गाठींवर लाल चिंध्या बांधल्या, दोरी दुमडून मध्य नव्यानं काढला. झाली दोरी. कमी झाली तेवढंच.

तुम्ही विचाराल, गोलचे खांब तर जागेवर होते, कुणाला कळलं कसं नाही? खांब तेव्हा लाकडी होते. पावसाळ्यात वाळवी लागते म्हणून आम्ही ते काढून ठेवायचो, सरावाला विटा मांडायचो आणि दसऱ्यानंतर दोरी धरून पुन्हा रोवायचो. त्या वर्षी उत्तरेचा गोल अकरा हात आत आला. सर रोज सकाळी मैदानाला दहा फेऱ्या मारायचे. खांब रोवल्यावर पहिल्या दिवशी फेऱ्या मारून आले, कोट काढला आणि म्हणाले, "यंदा पळायला हलकं वाटतंय. पूजा नीट झाली."

मी म्हटलं, "हो सर."

ठरवलं होतं की उन्हाळ्यात गुपचूप नवी दोरी वळून आणीन. पण जानेवारीत तो गोल झाला आणि मी अडकलो.

आमच्या मैदानावर दर हिवाळ्यात एक कॉलेज यायचं आणि आम्हाला धुऊन जायचं. त्या वर्षीची मॅच सकाळची होती. दिल्लीतलं जानेवारीतलं धुकं ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मला माझीच रेष दिसत नव्हती. रेफरी म्हणाला, थांबू या. सर म्हणाले, "धुकं दोन्ही टीमला सारखं आहे." खेळ सुरू झाला. खेळ म्हणजे काय, आवाज. कुणीतरी धावतंय, कुणीतरी आईवरून शिवी देतंय, कुठंतरी बॉल.

आमचा गोलकीपर पानिपतचाच एक उंच पोरगा. पळायचा कंटाळा म्हणून गोलकीपर झालेला. बॉल त्याच्याकडं आला. त्याला समोर कुणी दिसेना. त्यानं आठवेल तेवढ्या सगळ्या देवांची नावं घेऊन बॉलला लाथ घातली. बॉल धुक्यात गेला आणि परत आलाच नाही. सगळे उभे. दोन मिनिटांनी रेफरी चालत उत्तरेकडं गेला. तिथं समोरचा गोलकीपर हातमोजे काढून शेंगा खात होता आणि त्याच्या मागं जाळीत बॉल होता.

एक शून्य. आम्ही जिंकलो. गोलकीपरनं गोलकीपरवर केलेला गोल. सरांनी मेसच्या भिंतीत त्याची कोरीव फरशी बसवली. पायऱ्यांवर त्या दिवशी मोजून चाळीस माणसं होती आणि त्यातल्या एकालाही काही दिसलं नव्हतं. पण पुढं तो गोल मी डोळ्यांनी बघितला असं सांगणारी एवढी माणसं मला भेटली, की ती सगळी खरंच आली असती तर पायऱ्या तेव्हाच खचल्या असत्या. त्यातले एक जण तर केंद्र सरकारात सेक्रेटरी झाले. ते सांगायचे, बॉल कसा झुकत झुकत गेला. आणि दर वेळी सर माझ्याकडं वळून म्हणायचे, "एकशे दहा यार्डांवरून. काय रे?"

"हो सर."

वीस-एकवीस वर्षं मी हो सर म्हणत आलो. दोरी पुरी केली असती तर कुणीतरी विचारलं असतं, मैदान वाढलं कसं? मग तो गोल किती यार्डांवरून झाला? ऐंशीनंतर लोखंडी पोल आले, सिमेंटात बसले. अकरा हात आतच बसले. सर रिटायर झाले, गाझियाबादला राहायला गेले. तरी दर शनिवारी दोन बस बदलून यायचे. मॅच असो नसो, शनिवारी मी मैदान आखायचं आणि त्यांनी कोपऱ्यातून ओरडायचं.

मग शहाण्णव साली कॉलेजनं ठरवलं की स्टेडियम पाडायचं. नवे प्रिन्सिपॉल आले होते, टाय घालणारे. त्यांना तिथं बहुउद्देशीय संकुल हवं होतं. तळमजल्यावर पार्किंग, वर एसी हॉल, आणि हॉलमध्ये खेळांच्या महत्त्वावर चर्चासत्रं. सर विरोधात उभे राहिले. जुने खेळाडू चार दिवस जोरात होते. नंतर ज्याच्या त्याच्या मुलाची कॉलेजात ॲडमिशन आली आणि सर एकटे राहिले. त्यांनी वरच्या क्रीडा समितीला अर्ज लिहिला. समितीचा नियम होता की मैदान पुरं एकशे दहा यार्डांचं असेल तर ते मोठ्या सामन्यांसाठी राखून ठेवता येईल. मापाची तारीख ठरली.

मी गाझियाबादला गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो. सर पलंगावर बसून मला अर्जाची नक्कल वाचून दाखवायला लागले. "शेवट ऐक. 'मैदान एक बोट जरी कमी भरले तर ते खुशाल पाडावे. पहिली वीट मी स्वतःच्या हाताने काढून देईन.' कसं आहे?"

मी म्हटलं, "सर, बोटाचं कशाला लिहिलंत?"

"का? तुझ्या रेषेवर शंका आहे तुला?"

वहिनी थालीपीठ घेऊन आल्या. "घे रे, तूप घे. तुझ्या जिवावर हे एवढे उड्या मारतायत." मी दोन थालीपीठं खाल्ली, आणखी एक घेतलं, पाणी प्यायलो आणि परत आलो. घास तोंडात असताना कबुली देता येत नाही, अशी मी माझी समजूत घातली. मराठी माणसाला थालीपीठ वाढलं की त्याचं सत्य लांबणीवर पडतं.

मापाच्या दिवशी समितीचे दोघे आले, प्रिन्सिपॉल आले, एक तरुण इंजिनीयर टेप घेऊन आला. सर कोटात. टेप लागली. एकशे साडेचार.

"फिरसे," सर म्हणाले.

एकशे साडेचार.

तिसऱ्यांदा लावली. इंजिनीयर पोरगा चांगला होता, पण हसू त्याला आवरेना. "बाबूजी, टेप तो वही बोलेगी ना. आपकी उमर में ज़रा भूल-चूक हो जाती है."

प्रिन्सिपॉल घड्याळाकडं बघत म्हणाले, "सर, आपने लिखके दिया है. एक उँगली."

सर म्हणाले, "टेप गलत है." मग माझ्याकडं वळले. "दोरी आण."

मी दोरी आणली. आणावीच लागली. ताणली. या गोल लाइनपासून त्या गोल लाइनपर्यंत दोरी बरोबर बसली. एक सूत इकडं तिकडं नाही. बसणारच, खांबच तिच्यावर रोवले होते. सरांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "देखो," ते म्हणाले. "एक सौ दस. साताऱ्याची दोरी है."

इंजिनीयर दोरीच्या कडेनं चालत गेला. वाकला. एक चिंधी सोडली. "बाबूजी, ये गाँठ कैसी है?"

सर जवळ आले. डोळे बारीक करून बघायला लागले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोरीला हात लावणार होते. इंजिनीयर प्रिन्सिपॉलकडं बघून डोळा मारत होता. म्हातारा दोरी आखडून लोकांना फसवत आलाय, असा त्या डोळ्याचा अर्थ होता. सरांना ते दिसलं नाही. मला दिसलं.

मी सांगितलं. हिंदीत सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून. गूळ, खोबरं, उंदीर, अकरा हात, तीन गाठी. सर को कुछ मालूम नहीं था, गाँठ मैंने मारी. समितीतले एक साहेब एवढे हसले की त्यांना पायरीवर बसवून पाणी द्यावं लागलं. "रस्सी की पूजा? प्रसाद चूहे खा गए?" प्रिन्सिपॉलनी ते टिपून घेतलं. पुढं कित्येक भाषणांत वापरलं असं ऐकतो.

सर हसले नाहीत. मराठीत विचारलं, "कुठल्या साली?"

"चौऱ्याहत्तरच्या खंडेनवमीला."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे गोल नंतरचा."

"हो सर."

ते उत्तरेच्या गोलकडं बघत राहिले. मग समितीकडं गेले आणि म्हणाले, "मैदान छोटा है. मैंने लिखके दिया है, गिराओ. लेकिन गोल गोल है. मैदान दोनों टीम के लिए छोटा था." हे त्यांनी लिहूनही घेतलं. मैदान वाचवायच्या अर्जाचा शेवट असा झाला, की मैदान जाऊ दे, गोल राहू दे.

मला माहीत होतं ते मी तेव्हाही सांगितलं नाही. महिनाभर आधीपासून माझ्या स्टोअररूममध्ये गोणपाटाखाली शिलान्यासाची कोरीव फरशी येऊन पडली होती. पाहुण्यांच्या नावाची जागा तेवढी मोकळी. उत्तरेच्या गोलमागं, जांभळापाशी, ती बसवायचा खड्डाही खणून तयार होता; सर त्याला नव्या झाडाचा खड्डा समजत होते. टेपनं एकशे दहा दाखवलं असतं तरी समितीला दुसरं काहीतरी सापडलं असतं. सर पुढं दोन हिवाळे जगले. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना आपण नियमानं हरलो असं वाटत होतं, आणि नियमानं हरलेलं त्यांना चालायचं.

सगळे गेले. मी दोरी गुंडाळत होतो. सर समोर येऊन उभे राहिले. त्यांचा हात खिशाकडं गेला. कुठल्या, ते मी बघितलं नाही. मी मान खाली घातली. एकोणतीस वर्षं.

वर बघितलं तर पिवळं होतं. हळद कधीच उडून गेली होती, कडा तेवढ्या पिवळ्या.

मी म्हटलं, "सर, लालच द्या. माझी चूक तेवढी आहे."

"लाल दिलं तर उद्या मैदान कोण आखणार?"

"उद्या कुठली मॅच आहे सर?"

"मॅच असली तरच आखायचं, हे तुला कधी शिकवलं मी?" त्यांनी कार्ड खिशात ठेवलं. "पुरं आख. एकशे दहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिन्ही गाठी सोडल्या. बाजारातून नवी दोरी आणली होती, ती जोडली आणि इंजिनीयर विसरून गेलेल्या टेपला लावून पुरी एकशे दहा केली. सर पहिल्या बसनं आले आणि आपल्या कोपऱ्यात उभे राहिले. मी बाजूच्या दोन्ही रेषा मारल्या. उत्तरेचे पोल मैदानाच्या आतच उभे राहिले, वाट चुकल्यासारखे. मी पुढं गेलो. उत्तरेची गोल लाइन आता शिलान्यासाच्या खड्ड्यातून जात होती.

"थांबू नको," सर कोपऱ्यातून ओरडले.

मी फक्कीची बादली घेऊन खड्ड्यात उतरलो. बादलीकडं न बघता तळातून रेष मारली, आणि पलीकडच्या काठानं वर आलो. सरळ.